गोदाआत्यांनी काय चाखलं

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझ्या आत्येसासूबाई दारू पीत नाहीत. पंचवटीत कुणी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल, तर त्याला माझा नंबर द्या. मी बघते त्याच्याकडे.

गोदावरी त्यांचं नाव. विश्वेश माझा नवरा, त्याच्या या सख्ख्या आत्या. वय एकोणसत्तर. अठ्ठाविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी ट्रंक भरून दिली आणि त्या माहेरी आल्या. माहेरच्यांना बरंच वाटलं असणार, कारण घराण्याच्या देवळाला तेव्हा सोवळ्यात रांधणारी बाई हवी होती. आमच्या घराण्याचं पंचवटीतल्या एका बोळात छोटंसं बाळकृष्णाचं देऊळ आहे. खासगी. ट्रस्टवर घराण्यातलेच पाच पुरुष. तिथला रोजचा नैवेद्य आत्यांनी एकेचाळीस वर्षं रांधला. ताप असो, पूर असो, मोर्चा असो. आम्ही इंदिरानगरला फ्लॅट घेतला, आत्या आमच्याकडे राहायला आल्या, तरी त्या पहाटे साडेचारला उठून आंघोळ करून ठरलेल्या रिक्षाने देवळात जायच्या. तिथे पुन्हा आंघोळ, सोवळं, मग चूल. हो, गॅस आहे तिथे, पण त्या चूलच म्हणतात.

आता नीट ऐका, कारण सगळी भानगड इथेच आहे. नैवेद्य चाखायचा नसतो. देवाच्या आधी जिभेला लागलं की ते उष्टं. आमटीचा थेंब नाही, मिठाचा खडा नाही. वाकून मुद्दाम वास घ्यायचा नाही, आपसूक नाकात येईल तेवढाच. तुम्ही-आम्ही चमचा तळहातावर टेकवून बघतो ना मीठ पडलं का, ते आत्यांनी एकेचाळीस वर्षांत एकदाही केलेलं नाही. कढईतल्या आवाजावरून त्यांना कळतं. वाफेवरून कळतं. बासुंदी आटली की नाही हे त्या पाठमोऱ्या सांगतात. बारा वाजता नैवेद्य दाखवला की ट्रस्टी आणि पाहुणे प्रसादाला बसायचे. आत्या शेवटी, दोनला. गोड बहुतेक वेळा संपलेलं असायचं. वरण गार. यावर मी एकदा बोलले होते, तेव्हा आत्याच म्हणाल्या, "असू दे गं, मला काय, उरेल ते." माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

आता माझ्या नवऱ्याकडे येते.

विश्वेश दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आठ दिवस ऑक्सिजनवर काढले, वाचला, घरी आला. नाक मात्र परत आलं नाही. फोडणी जळली तरी शेजारच्या खोलीत हा पेपर वाचत बसलेला. वास नाही म्हणून चव नाही. गोड, खारट, कडू एवढं कळतं, बाकी सगळं सारखं. वायनरीत त्याने दीड वर्ष लपवलं, मग पकडलं जाण्याआधी स्वतःच राजीनामा दिला. हे मला आणि आत्यांना सोडून कुणालाही माहीत नव्हतं. दोन वर्षं घरी. पुण्याला जाऊन बीअर करण्याचा कोर्स करून आला. मी म्हटलं, "अरे, नाक नसलेल्या माणसाने बीअर करायची? दुसरं काहीतरी बघ." तो म्हणाला, "आंबवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, आभा."

त्याचा कॉलेजातला मित्र रविराज. पिंपळगावच्या बागायतदारांचा मुलगा, गंगापूर रोडला स्वतःची बीअर काढणारं हॉटेल टाकतोय. लायसन्स झालेलं, स्टीलच्या टाक्या येऊन पडलेल्या. तो विश्वेशला म्हणाला, "घरी एक लॉट करून पाज. आवडला तर टाक्या तुझ्या." नाकाचं त्याला ठाऊक नव्हतं. आणि घरात बीअर करणं बेकायदा आहे, हे मी रोज सांगत होते आणि दोघंही मित्र रोज मान डोलवत होते. मला वाटायचं, दाराची बेल वाजली की पोलीसच.

मी चाखायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण मला ते सगळं औषधच लागतं. मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, पण लोखंडाची. अंबडच्या कारखान्यात. बेअरिंगची रिंग हातात द्या, मी डोळे मिटून सांगते.

एका रविवारी विश्वेशने पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात जव भिजवले. म्हणजे मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव, मोठ्या पातेल्यात, कोमट म्हणता येणार नाही आणि उकळतं नाही अशा पाण्यात, एक तास. मी पातेल्याला हात लावायचा नाही. माझ्याच पातेल्याला! अडीच वाजता आत्या देवळातून आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "चीक कुणी शिजवलाय? कुरडया घालताय की काय भाद्रपदात?"

विश्वेशने वळून त्यांच्याकडे बघितलं आणि मला तेव्हाच कळलं, आता हा काय करणार.

"आत्या, जरा बघतेस?"

"काय आहे?"

त्याने खरं सांगितलं. तेवढं त्याच्या बाजूने बोलते. बीअर आहे म्हणाला, अजून झालेली नाही, आज नुसतं गोड पाणी आहे, आणि मला त्यातलं काही कळत नाही.

आत्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं. मग फुलपात्र मागितलं. वरून, ओठ न लावता, घोटभर तोंडात सोडलं. "चिकाच्या खिरीला काकवी घातल्यासारखं आहे," म्हणाल्या. "गोड आहे, पण मागे टरफलाचा तुरटपणा राहतोय. फार ढवळलंस का?" त्याने फार ढवळलं होतं. मी साक्षीला होते.

बरं का, त्या घोटानंतर आत्यांनी खळखळून चूळ भरली, दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ, देवळात पुन्हा आंघोळ, मग सोवळं. एका दिवसाचंही नियमाबाहेर काही नाही. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी त्यात हॉप्स घालून तासभर उकळलं. हिरव्या फुलांच्या सुक्या गोळ्या असतात, कडू जहर. आत्यांनी तेही चाखलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. "पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर चावतो ना, तसं. पण विशू, हे वाईट कडू नाही. तोंड स्वच्छ करतंय." विश्वेश म्हणाला, कडू खरं घशात कळतं, गिळल्याशिवाय नाही. त्यावर त्यांनी नुसती चूळ भरली. पण चौथ्या दिवशी, यीस्ट घालून आंबायला ठेवलेल्या बादलीच्या झाकणावरची नळी बुडबुड करत होती तेव्हा, त्यांनी फुलपात्र वर धरलं, घोट सोडला आणि गिळला. मी मोजून सांगते, एक घोट. "आता केळ्याचा वास आहे, आणि आंबलेल्या पिठाचा. उतू जायच्या बेतातलं इडलीचं पीठ. चांगलं चाललंय."

विश्वेश वही आणायला आत गेला. आत्यांच्या हातात अर्धं फुलपात्र उरलेलं. त्यांनी शांतपणे बादलीचं झाकण उचललं आणि उरलेलं आत ओतलं.

मी बघितलं. मला काही वाटलं नाही. आमच्या घरात पाण्याचा तांब्या वरून प्यायचा आणि उरलेलं पाणी परत माठात, हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. ओठ लागला नाही म्हणजे उष्टं नाही, आणि उष्टं नाही म्हणजे टाकायचं कशाला? अन्न आहे.

दहाव्या दिवशी आत्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "विशू, ताक झालंय. तेही परवाचं."

वीस लिटर बीअर मोरीत गेली. विश्वेश डोकं धरून बसला. सगळं उकळत्या पाण्याने धुतलं होतं म्हणे, मग आंबट झालं कसं? तेव्हा आत्यांनी विचारलं, "मी ते उरलेलं परत घातलं होतं, त्याने काही होतं का रे?"

तो ओरडला. तिला, म्हणजे आत्यांना, माझ्यासमोर ओरडला. जंतू, हवा, भांडं, हात. मग थांबला, आणि शरमून नीट समजावून सांगितलं, की एकदा बाहेर काढलेलं आत जाता कामा नये, कितीही स्वच्छ असलं तरी. आत्या ऐकत राहिल्या. मग हसायला लागल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे तुझ्या बीअरचं सोवळं माझ्या सोवळ्याहून कडक!" म्हणाल्या. "हे आधी सांगायचंस ना. सोवळं मला शिकवू नकोस, नुसतं सांग."

दुसऱ्या लॉटला त्यांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. बादली, नळी, झारा, सगळं त्यांनी धुतलं. चाखायला वेगळी वाटी, उरलेलं मोरीत, वाटी पुन्हा उकळत्या पाण्यात. मी अंबडला वीस वर्षं काम करतेय, इतकी शिस्त आमच्या असेंब्लीत नाही.

आणि दहाव्या दिवशी खरी गंमत झाली. विश्वेश बाटल्या भरायला बसलेला. बुचं मांडलेली. आत्यांनी घोट घेतला, गिळला, आणि पुन्हा एक घेतला. "थांब. यात लोणी आहे."

"लोणी कसं असेल आत्या?"

"ते मला काय माहीत? मी एकेचाळीस वर्षं रोज लोणी कढवतेय. कढायला लागल्यावर पहिला वास सुटतो ना, तो आहे. आज भरू नकोस."

त्याने पुस्तक काढलं, कोर्सच्या वह्या काढल्या, आणि खरंच निघालं. कच्च्या बीअरला असा वास येतो, तशीच बाटलीत भरली तर तो तिथेच बसतो, आणि दोन-तीन दिवस थोडं उबेत ठेवलं तर यीस्ट स्वतःच तो खाऊन टाकतं. आम्ही बादली आत्यांच्या खोलीत ठेवली, कारण ती खोली पश्चिमेची. तीन दिवस त्या बीअरशेजारी झोपल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गेलं. भर आता."

त्या दिवसांत आत्या वेगळ्याच दिसायच्या. देवळातून आल्या की आधी बादलीकडे. विश्वेश वही घेऊन समोर बसायचा, "कसं लागतंय? पुढे? मागे?" असं विचारायचा, आणि त्या डोळे मिटून शोधून शोधून सांगायच्या. मी दारात उभी राहून ऐकायचे. एकदा तर त्या म्हणाल्या, "पावसात भिजलेल्या पेरूच्या पानाचा वास आहे," आणि विश्वेशने तो शब्द न् शब्द उतरवून घेतला.

दोन आठवड्यांनी रविराजच्या मखमलाबादच्या मळ्यावर दहा-बारा जण जमले. आणि त्यात कोण असावं? आमचे वेणीमाधवकाका. विश्वेशचे चुलत काका, देवळाचे मुख्य ट्रस्टी, आत्यांचे चुलत भाऊ आणि त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. रविराजच्या घरचे ते उपाध्ये. टाक्यांच्या पूजेचा मुहूर्त काढायला बोलावलेले, मुहूर्त काढून झाला आणि मग बसले. माझ्याकडे बघून त्यांनी खिशातून दारू प्यायचा परवाना काढून दाखवला. सरकारी. त्यावर लिहिलंय, आरोग्य राखण्यासाठी. तीन ग्लास आरोग्य राखलं त्यांनी.

बीअर सगळ्यांना आवडली. रविराजने पहिला घोट घेतला आणि विश्वेशला मिठीच मारली. "काय जीभ आहे रे तुझी!" विश्वेश हसला आणि मान खाली घातली. बुधवारी नेमणुकीचं पत्र द्यायचं ठरलं. मी गप्प राहिले. नवऱ्याचं काम होतंय म्हटल्यावर बाई गप्पच राहते.

परतताना विश्वेश बाटल्या धुवायला थांबला आणि काकांना पंचवटीत सोडायचं काम माझ्याकडे आलं. ते पुढच्या सीटवर. ढेकर देत म्हणाले, "विश्वेशने नाव काढलं. आमच्या घराण्यातली जीभच आहे ती. पुरुषांकडून पुरुषांकडे आलेली. बायकांना चव कळते, पण पारख नाही."

मी गाडी चालवत होते. दोन सिग्नल मी तोंड दाबून धरलं. तिसऱ्याला नाही जमलं.

"काका, ती जीभ आत्यांची आहे," म्हटलं. "तुम्ही आज जे ढोसलं ना, ते जव भिजवल्यापासून बाटलीत जाईपर्यंत आत्यांनी चाखलंय. त्यांनी थांबवलं नसतं तर तुम्ही लोणी पीत होतात."

होळकर पूल येईपर्यंत काका सीटबेल्टशी चाळा करत बसले. मग एवढंच विचारलं, "गिळली?"

"गिळली! गिळल्याशिवाय कडू कळत नाही!" मी अभिमानाने सांगितलं. मूर्ख बाई. विश्वेशच्या नाकाचं मात्र बोलले नाही, तेवढं भान होतं. नवऱ्याची बाजू सांभाळायची अक्कल होती, मग आत्यांच्या वेळी ती कुठे शेण खायला गेली होती? तेव्हापासून हे मी स्वतःला रोज विचारते.

दुसऱ्या दिवशी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. तातडीची सभा, गुरुपौर्णिमेनंतर प्रथमच, रविवारी दहा वाजता. विषय, नैवेद्याचे पावित्र्य. खाली सहा जणांचे हात जोडलेले.

मी आत्यांच्या पाया पडले आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी पोळी लाटायची थांबवली नाही. "खरं तेच बोललीस ना?" म्हणाल्या. "मग झालं." पण त्या पोळीचा नकाशा झाला, आणि त्यांच्या हातची वाकडी पोळी मी कधी बघितली नव्हती. त्या देवळाशिवाय आत्यांना दुसरं काही नव्हतं. सिनेमा नाही, भिशी नाही, यात्रा-बित्रा नाही. ते स्वयंपाकघर गेलं तर ही बाई पहाटे साडेचारला उठून करणार काय, हाच माझ्यापुढे प्रश्न होता. त्यांच्यापुढेही तोच असणार.

सभेला पाच ट्रस्टी खुर्च्यांवर. आत्या खाली सतरंजीवर, गुडघे दुखत असताना. मी आणि विश्वेश खांबाजवळ उभे.

काकांनी घसा साफ केला. "गोदाताई, एक गोष्ट आमच्या कानावर आलीय."

"कानावर नाही काका, पोटात गेलीय तुमच्या. तीन ग्लास," मी म्हटलं.

"सूनबाई, पुरुषांची गोष्ट वेगळी. मी काही नैवेद्य रांधत नाही."

"पूजा करता ना पण? गाभाऱ्यात जाता ना?"

"आंघोळ करून जातो!"

"मग आत्या काय पारोशा येतात? दोन आंघोळी होतात त्यांच्या!"

"आभा," आत्या म्हणाल्या. मी गप्प बसले.

मग काका मऊ झाले. ते मऊ झाले की जास्त भीती वाटते. म्हणाले, "गोदाताई, कुणाला तुला काढायचं नाहीये. तू नुसता वास घेतलास, एवढंच म्हण. चाखली बिखली नाही. मुलं काहीतरी बोलतात. पंचगव्य घे, उद्यापासून ये. विषय संपला." बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. त्यांनाही घरी जायचं होतं. रविवार होता.

आत्यांनी मान वळवून विश्वेशकडे बघितलं.

एक वाक्य. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझं नाक गेलंय, मी हिला गळ घातली, हिने माझ्यासाठी केलं. एवढं म्हणाला असता तर निम्मी सभा तिथेच वितळली असती. पण काका रविराजचे उपाध्ये, आणि पत्र बुधवारी मिळायचं होतं. माझ्या नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला. मी शेजारी उभी होते. मोबाइल बंद होता.

आत्यांनी मान पुन्हा समोर केली.

"वास नाही वेणू," त्या म्हणाल्या. "चाखली. आधी थुंकत होते, मग गिळली. एकदा नाही, कितीदा तरी. देवासमोर बसून खोटं काय बोलू?"

"ताई, अगं, मी तुला वाट काढून देतोय."

"कळलं मला. पण एक सांगते, मग तुम्ही काय करायचं ते करा. एकेचाळीस वर्षं मी इथे रांधते. न चाखता. तुम्ही सगळे जेवलात, तुमचे बाप जेवले, मुंजी झाल्या, बारशी झाली. आजवर एकानेही मला विचारलं नाही, गोदा, तुला काय वाटतं, कसं झालंय? देव विचारत नाही, त्याचं मला काही नाही, तो देव आहे. या पोराने विचारलं. समोर बसून विचारलं, आणि मी सांगितलेलं लिहून घेतलं. मला आवडलं ते. बीअर नाही म्हणत मी. विचारलेलं आवडलं."

एक ट्रस्टी चष्मा पुसायला लागले. मला वाटलं, आता तरी. पण वेणीमाधवकाका म्हणाले, "म्हणजे तुला पश्चात्ताप नाही."

"नाही."

"मग किल्ली ठेव."

आत्या खांबाचा आधार घेऊन उठल्या. कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्या हातात दिली नाही, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. नमस्कार केला. जाता जाता वळून म्हणाल्या, "वालांना मोड आलेत. आजच सोलून घ्या, उद्या वास सुटेल." ते ऐकून मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी काकांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. माझा एक शब्दही मी परत घेणार नाही.

आता नैवेद्याचा डबा पंचवटीतल्या केटररकडून येतो. तो चाखतो की नाही, पाचांपैकी एकानेही विचारलेलं नाही.

बुधवारी विश्वेशला पत्र मिळालं. पेढे आणले त्याने. मी माझा पेढा खाल्ला नाही. आत्यांनी खाल्ला, आशीर्वाद दिला. त्या अजूनही पहाटे साडेचारला उठायच्या, आंघोळ करायच्या, आणि मग गॅलरीत स्टुलावर बसून राहायच्या, रिक्षा यायची बंद झालेल्या रस्त्याकडे बघत. सात वाजता मी चहा द्यायचे. तोवर तसंच. मी नवऱ्याशी कामापुरतं बोलत होते, कामापुरतंही कमीच.

महिनाभराने, एका शनिवारी दुपारी, विश्वेश हॉटेलातून बाटली घेऊन आला. पहिली मोठी टाकी. रविराजने मंगळवारी उद्घाटन ठेवलेलं, पाचशे माणसं, पत्रकार. विश्वेशच्या कपाळावर घाम. त्याने उकळत्या पाण्यातून वाटी काढली, बीअर ओतली आणि आत्यांसमोर धरली.

"आत्या, जरा बघ ना. कसं लागतंय?"

मला वाटलं, आता मी ती वाटी भिंतीवर फेकणार. पण आत्यांनी ती हातात घेतली. नाकाशी नेली. एक घोट वरून तोंडात सोडला, डोळे मिटले, गिळला. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग वाटी टेबलावर ठेवली आणि वर झाकण ठेवलं.

"काय? काय आहे?" विश्वेश म्हणाला. "लोणी? आंबट? आत्या, सांग ना!"

"सांगते. आधी तू रविराजला सांगून ये."

"काय सांगू?"

"तुझं नाक गेलंय ते. आणि हे कुणी चाखलं ते."

"आत्या, अगं, नोकरी जाईल माझी."

"माझी गेली की," आत्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बघ, तुझ्यासमोर बसलेय. जेवलेसुद्धा."

त्याने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोल, असं. मी उठले आणि दार उघडून धरलं.